आप्पांचीच कॉफी, आप्पांचंच माप, तरी गिऱ्हाईक म्हणतं चव बदलली. काय चुकतंय?

भाजणीवाली

नमस्कार. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं कॉफी भाजून-दळून द्यायचं छोटं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, पुढं फळीचा ओटा, मागं भट्टी. अज्जांनी म्हणजे माझ्या आजोबांनी ते काढलं, आप्पांनी म्हणजे वडिलांनी एकेचाळीस वर्षं चालवलं आणि गेल्या दिवाळीपासून मी बघते आहे. आप्पांना दम लागतो. कोळशाच्या धुरापुढं आता उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, म्हणून मी पुण्यातली हिशेबाची नोकरी सोडून आले.

विचारायचंय ते एवढंच की चव कुठं हरवली. पण त्यासाठी आधीचं थोडं सांगायला लागेल.

अज्जा मूळ हासनकडचे. तिथल्या एका क्युरिंग वर्क्समध्ये ते कामाला होते. मळ्यातून वाळून आलेली कॉफी तिथं सोलतात, चाळतात, प्रतवारी लावून पोत्यात भरतात. तिथून ते सोलापूरला आले. तेव्हा इथं गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पूर्व भागात घरोघरी माग होते, रेल्वे कॉलनीत दक्षिणेकडची कुटुंबं होती. कॉफी पिणारे भरपूर, पण ताजी पूड मिळत नव्हती. अज्जांनी एक लोखंडी ड्रम बनवून घेतला, हातानं फिरवायचा, खाली लोणारी कोळसा. तो ड्रम अजून आहे, मागाहून त्याला मोटर बसवली इतकंच. दुकानात तेव्हाही तीन भाषा चालायच्या, आजही चालतात. अज्जा दाण्याला शेवटपर्यंत ‘बुंद’ म्हणायचे, हा शब्द त्यांनी इथल्या जुन्या व्यापाऱ्यांकडून उचललेला.

आता अडचण. ड्रमचा आस झिजलाय. फिरताना खडखडतो, दाराच्या फटीतून धूर दुकानात येतो. आप्पांच्या छातीसाठी म्हणून मी कर्ज काढून गॅसवरचं पाच किलोचं नवं रोस्टर घेतलं. तापमान दिसतं, हवा ओढायला पंखा आहे, गार करायला फिरतं ताट आहे. दाणा आप्पा ज्याच्याकडून घ्यायचे त्याच व्यापाऱ्याचा: पीबी म्हणजे मोती, प्लांटेशन ए आणि रोबस्टा चेरी. मिश्रणही आप्पांनी सांगितलं तेच. दोन डबे मोती, दोन डबे ए, एक डबा चेरी. दळल्यावर चार मापं पूड, एक माप चिकोरी. मी ते वजनात बसवलं आणि पाकिटावर छापून घेतलं: कॉफी ८० टक्के, चिकोरी २० टक्के. पूर्वी सुटी पूड कागदात बांधून जायची. आता पाकीट, लेबल, तारीख सगळं रीतसर केलंय.

आणि गिऱ्हाईक म्हणतं, चव बदलली.

पहिल्यांदा बोलल्या त्या साखर पेठेतल्या एक अज्जी. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आठवड्यात आल्या होत्या, नातवाचा हात धरून. तीस वर्षं दर पंधरा दिवसांनी पाव किलो नेतात. त्यांनी पाकीट परत आणलं. भांडल्या नाहीत. पाकीट ओट्यावर ठेवलं, चिमूटभर पूड माझ्या तळहातावर टाकली आणि म्हणाल्या, “हुंगून बघ. वास हाय, पण पिल्यावर घशात काय राहत नाही. हे तुझ्या आप्पाचं नाही.” मी पैसे परत द्यायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला. त्यानंतर आणखी सात-आठ जणांनी तेच सांगितलं, कुणी ‘पातळ’ म्हणालं, कुणी ‘आंबटसर’. काहीजण न सांगताच यायचे बंद झाले. मला त्याचंच जास्त लागतं.

आप्पांना पाजून बघितली. दोन घोट घेऊन म्हणाले, “बरोबर हाय की. जरा हलकी लागतीय.” काय करू विचारलं तर, “भाजताना ऐकायचं.” मी वही घेऊन समोर बसले. “तडतड झाली की जरा दम धरायचा, वास गोड झाला की काढायचं.” जरा म्हणजे किती, हे त्यांना सांगता येत नाही. चाळीस वर्षं हातानं केलेलं काम ते शब्दांत कसं सांगणार?

माझी पद्धत अशी. एका वेळी चार किलो, तिन्ही दाणे एकत्र, साधारण अकरा मिनिटं. पहिली तडतड सुरू झाल्यावर दीड मिनिटानं बाहेर. संध्याकाळी भाजते, रात्रीच दळते, सकाळी पाकिटं भरते. आप्पांना ड्रमवर वीस मिनिटं लागायची.

माझं काय चुकतंय? आणि जुना ड्रम दुरुस्त करून त्यावरच भाजावं का? आस बदलायचा, नवं दार, धुराडं छपराबाहेर काढायचं, खर्च बराच आहे. पण चव त्यातच असेल तर मी तो करीन.

निवृत्त गार्ड

ताई, बाळीवेस म्हणताच दुकान ओळखलं. नाव लिहीत नाही.

मी रेल्वेत गार्ड होतो. १९७२ साली सोलापुरात आलो. सोलापूर विभाग तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होता, १९६६ ते १९७७ अशी अकरा वर्षं, मुख्यालय सिकंदराबादला. त्यामुळं कॉलनीत तेलुगू-तमिळ कुटुंबं खूप. मी नगर जिल्ह्यातला, चहावर वाढलेला. शेजारच्या घरातून पहाटे पितळी फिल्टरवर बोटानं टकटक केल्याचा आवाज यायचा. वरच्या भांड्यातलं लवकर खाली उतरावं म्हणून त्या काकू तसं करायच्या. एका रात्रपाळीनंतर त्यांनी मला पेला-डवऱ्यातून कॉफी दिली. पूड कुठली म्हणून विचारलं, तर तुमच्या अज्जांच्या दुकानातली.

भाजण्यातलं मला कळत नाही. ओट्याच्या अलीकडून पन्नास वर्षं जे बघितलं तेवढं सांगतो.

आजची भाजलेली तुमचे अज्जा आज कधी देत नसत, पुढं आप्पाही नाही. मागं घमघमाट सुटलेला असायचा. म्हणावं ही ताजी द्या, तर अज्जा म्हणायचे, “ती अजून बोलतीय, गप झाल्यावर न्या.” कालची-परवाची द्यायचे, पण दळायचे आपल्या समोर. पाव किलोवर देत नसत, पंधरा दिवसांत संपवा आणि परत या म्हणायचे. दर वेळी विचारायचे, “फिल्टर का पातेलं?” नवीन माणूस असेल तर, “दूध म्हशीचं का?” उत्तराप्रमाणं हात वेगळा पडायचा.

आणि माप. पितळेचं, कड झिजलेली, बुडाला डाग दिलेला. कॉफीचं माप भरलं की त्यावर लाकडी पट्टी फिरवून सपाट करायचे. चिकोरीच्या मापावर पट्टी फिरवलेली मात्र मला आठवत नाही. मी दहा-दहा मिनिटं तिथं उभा असायचो, नजर त्या हातांवरच असायची. तुमच्या कामाचं आहे का बघा.

आप्पांना माझा नमस्कार सांगा. गदग गाडीवाला म्हटलं की ओळखतील.

मलनाडकर

ताई, मी चिकमगळूर जिल्ह्यातला. बाबाबुडनगिरीच्या पायथ्याला आमचा लहानसा मळा आहे. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून ज्या डोंगरावर लावल्या असं सांगतात, तोच हा डोंगर. नोकरीनिमित्त वीस वर्षं सोलापुरात आहे, घरची कॉफी स्वतः भाजतो.

तिन्ही दाणे एकत्र भाजताय, मला पहिली शंका तिथं येते. आप्पा खरंच एकत्र भाजायचे का, विचारा. मोती म्हणजे फळात दोनाऐवजी एकच दाणा धरतो तो. गोल असतो, ड्रममध्ये गडगडत फिरतो, सगळ्या अंगानं सारखा भाजला जातो. ए म्हणजे ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा मोठा दाणा, एका बाजूनं चपटा. हे दोन्ही धुतलेली, म्हणजे गर काढून वाळवलेली अरेबिका. चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली रोबस्टा, ही कॉफीची दुसरी जात. तिचा दाणा वेगळा, उष्णता घ्यायची तऱ्हा वेगळी. तिघांना एकदम टाकलं की मोती तयार होतो तेव्हा चेरी आतून कच्ची राहते. अज्जी म्हणाल्या ‘घशात राहत नाही’, ते घशात राहणं बरंचसं रोबस्टाचं काम असतं. तिन्ही वेगळे भाजा आणि भाजल्यावर मिसळा.

दुसरं, वेळ. ड्रममध्ये हवा कमी खेळते, दाणा तापलेल्या लोखंडावर सावकाश भाजतो. तुमच्या यंत्रात पंखा गरम हवा दाण्यांतून ओढतो, म्हणून काम लवकर होतं आणि दाण्यात आंबटपणा जास्त राहतो. काळी कॉफी पिणाऱ्याला तो आवडतो. दूध-साखर घालणाऱ्याला तीच कॉफी पातळ लागते. पंखा कमी करा, ज्योत कमी करा, पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत न्या. पहिली तडतड साधारण १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान येते, पण तुमचा काटा दाण्याचं तापमान दाखवतो की हवेचं, हे आधी तपासा. पहिली तडतड मक्याच्या लाहीसारखी ठळक असते. त्यानंतर दुसरी येते, ती बारीक, निखाऱ्यावर मीठ टाकल्यासारखी. फिल्टरची कॉफी या दोन्हींच्या मध्ये, दुसरीच्या उंबरठ्यावर काढायची. आप्पांचं ‘दम धरायचा’ म्हणजे बहुतेक हेच अंतर, आणि तुम्ही दीड मिनिटातच काढताय.

हे कानापेक्षा वजनावर पक्कं कळेल. कच्चा दाणा भाजला की घटतो. फिकी भाजणी १४ टक्क्यांच्या आसपास, गडद असेल तर १८ ते २०. दुकान इतकं जुनं आहे तर घट धरूनच भाव लावत असतील. जुन्या वह्या शोधा, घट कुठंतरी लिहिलेली असणार. तुमची भाजणी कुठं कमी पडते ते एका ओळीत समजेल.

गार्डकाकांनी सांगितलेलं ‘अजून बोलतीय’ अगदी खरं आहे. भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. लगेच दळून फिल्टरमध्ये घातली तर पूड फुगते, पाणी कुठूनही वाट काढतं आणि डिकॉक्शन म्हणजे खाली उतरणारा अर्क पातळ होतो. दोन दिवस दाणा तसाच राहू द्या, दळण त्यानंतर.

चिकोरीचं माप आजच वजन करा. चिकोरी हे मूळ आहे, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफीन नसतं. त्यातलं इनुलिन नावाचं कर्बोदक भाजून करपट-गोड होतं आणि डिकॉक्शनला रंग नि दाटपणा देतं. भाजून कुटलेली चिकोरी कॉफीच्या पुडीपेक्षा जड भरते, त्यामुळं चारास एक माप म्हणजे ८०-२० वजन होत नाही. शिवाय लेबलावरची टक्केवारी वजनाची लागते, मापाची चालत नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे, त्याच्या तुम्ही आत आहातच, पण छापलेला आकडा खरा हवा.

ड्रमबद्दल. जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं, चवीचा थोडा वाटा त्याचाही असतो. पण तुम्ही यंत्र घेतलं ते आप्पांच्या छातीसाठी. आधी बाकीचं सगळं करून बघा, ड्रमचा खर्च मागाहून ठरवा. आणि जमलं तर बंगळुरूला कॉफी बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ अभ्यासक्रम करा, जिभेला चव ओळखायची सवय लागते.

जायफळ

माझं माहेर भवानी पेठेतलं. आमच्याकडं फिल्टर नव्हताच. कॉफी म्हणजे पातेल्यात दूध, पाणी, साखर, उकळी आली की पूड, आणि उतरवताना जायफळ किसून. एकादशीला हमखास, नाहीतर कुणी आजारातून उठलं की. आई मला दुकानात पाठवताना बजावायची, “पातेल्याची सांग.” मला कितीतरी वर्षं वाटायचं की पातेलं हे कॉफीच्या जातीचं नाव आहे.

आमच्या पुडीत तुमचे आप्पा चिकोरी घालत नसत. उकळली की कडवटते म्हणायचे. दळायचेही जाड, म्हणजे गाळ खाली बसतो. आता तुम्ही सगळ्यांना एकच पाकीट देत असाल, तर आमच्यासारखी घरं वेगळ्याच कारणानं तुटली असतील. माझ्या वहिनीनं तुमचं नवं पाकीट आणलं होतं. उकळल्यावर कडू झालं म्हणून तिनं ते उचलून वर ठेवलंय.

सात रस्ता

ड्रम विकायचा असेल तर पुण्या-मुंबईचे कॅफेवाले असल्या जुन्या वस्तू शोभेसाठी घेतात, बरे पैसे येतील. यंत्राचं कर्जही फिटेल.

भाजणीवाली

@सात रस्ता, सल्ल्याबद्दल आभार, पण ड्रम विकायचा नाही. अज्जांचा हात त्या दांड्यावर झिजलाय.

बाकी सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, कारण आधी करून बघायचं होतं.

रविवारी दुकान बंद ठेवलं आणि आप्पांना ओट्यापाशी खुर्ची टाकून बसवलं. भट्टी बंद, धूर नाही. पुढ्यात पुडीचं घमेलं, चिकोरीचा डबा, पितळी माप, पट्टी आणि माझा वजनकाटा. “नेहमीसारखं भरा,” एवढंच म्हटलं. त्यांनी माप पुडीत तिरकं घातलं, वर उचललं, बूड ओट्याच्या कडेवर एकदा आपटलं आणि पट्टी फिरवली. काट्यावर ३४० ग्रॅम. परत भरायला लावलं: ३३८. परत: ३४२. त्यांचा हात थरथरतो हल्ली, चहाची कपबशी वाजते, पण माप भरताना थरथरला नाही.

मग चिकोरी. पट्टी त्यांनी आपणहून बाजूला ठेवली. माप वर आलं ते शीग लावून, वर टोक आलेलं, कडेनं दोन-चार दाणे ओघळताहेत. ५३५ ग्रॅम.

“आप्पा, पट्टी?”

“चिकोरीला पट्टी नसती.”

चार मापं पूड १३६० ग्रॅम, एक शीग चिकोरी ५३५. एकूण १८९५ ग्रॅम, म्हणजे चिकोरी २८ टक्क्यांच्या वर. मी चार महिने २० टक्के घालत होते.

पट्टी का नसते, हे विचारल्यावर जे कळलं ते मला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. आधी चिकोरीलाही पट्टी होती. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये दंव गोठून कॉफीचे मळे करपले आणि १९७७ पर्यंत जगभर भाव भडकले. आप्पा तेव्हा शाळेत होते. अज्जांना गिरणीतल्या गिऱ्हाइकांना भाव वाढवून सांगवेना. त्यांनी चिकोरीची पट्टी खाली ठेवली, आणि आप्पा म्हणतात, प्रत्येकाला ते सांगून द्यायचे, लपवून नाही. पुढं भाव उतरले तेव्हा अज्जांनी पट्टी परत फिरवायला घेतली. त्यावर गिऱ्हाईक काय म्हणालं असेल? “पातळ लागतीय.” मग शीग राहिली ती राहिलीच.

मधे पुन्हा भाव चढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकानं पौंडाला ४ डॉलर ओलांडले, आणि आमच्या पोत्याचा भाव काय झाला ते मीच जाणते. पण मी शीग आणखी वाढवणार नाही. वाढलेला भाव पाटीवर लिहून लावलाय.

@मलनाडकर, तुमची वहीची गोष्ट शंभर टक्के बरोबर निघाली. लाल बाडाच्या वह्या फळीवर होत्या, माझ्या डोक्याच्या बरोबर वर. अज्जांच्या काळातले आकडे कन्नड, पुढं आप्पांचे मराठी. प्रत्येक तारखेला तीन ओळी: मोती, ए, चेरी. म्हणजे वेगवेगळंच भाजायचे. आणि प्रत्येक ओळीत ‘कच्ची १०, पक्की ८.२०’. म्हणजे दहा किलोला १८ टक्के घट. त्याच हिशेबानं माझी पक्की ८.५५ येत होती. आप्पांना विचारलं, हे का सांगितलं नाही? म्हणाले, “त्यात काय सांगायचं? एकत्र कोण भाजतं?”

मग भाजायला घेतलं. पंखा कमी, ज्योत कमी. आप्पा पुढच्या खोलीत, मधलं दार बंद. एक फोन यंत्राशेजारी ठेवला, दुसरा त्यांच्या कानाशी. मी म्हणायचे, सुरू झाली. ते म्हणायचे, “थांब. थांब. अजून थांब. हां, काढ.” प्रत्येक वेळी घड्याळ लिहिलं. मोती पंधरा मिनिटांच्या आसपास, चेरी सतराच्या. चौथ्या घाण्याला आवाज एकदम बारीक झाल्यासारखा वाटला, मी त्यांच्याआधी “काढू?” विचारलं आणि ते नुसतं “हं” म्हणाले. दहा किलोच्या हिशेबानं पक्की ८.२२ भरली.

दोन दिवस दाणा तसाच ठेवला. मंगळवारी समोर दळून, शीग धरून, पाव किलो कागदात बांधली आणि साखर पेठेत स्वतः घेऊन गेले. अज्जींनी काही विचारलं नाही. फिल्टर काढला, पूड घातली, दाबली, पाणी ओतलं आणि बोटानं टकटक केलं. गार्डकाका, तुम्ही लिहिलेलं तेच. अर्धा तास आम्ही गप्प बसलो होतो. त्यांनी अर्धा पेला पिऊन खाली ठेवला, उठल्या, उरलेली पूड कागदातून त्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि झाकण घट्ट लावलं. म्हणाल्या, “पुढच्या टायमाला मी येते. तू दुकान सोडून येऊ नको.”

लेबलं नव्यानं छापायला दिलीत, कॉफी ७२, चिकोरी २८. माप आता वजनावर धरते, पण पितळी माप ओट्यावरच आहे. जुनी छापलेली सगळी बाद केली, आणि ज्यांचे नंबर होते त्यांना फोन करून सांगितलं की आधीच्या पाकिटात चिकोरी कमी होती नि भाजणी फिकी होती.

@जायफळ, पातेल्याची पूड परवापासून सुरू केली, चिकोरीविना, जाड दळून. वहिनींना म्हणावं ते वर ठेवलेलं पाकीट घेऊन या, मी बदलून देते.

ड्रमचा आस बदलायला टाकलाय. मागच्या परसात पत्र्याखाली बसवायचा विचार आहे. त्याची घाई नाही.

एक राहिलंच. @मलनाडकर, मे महिन्यात दुकानात पत्रा तापतो. आप्पा उन्हाळ्यात कसं करायचे ते वहीत सापडत नाही आणि त्यांना आठवत नाही.

मलनाडकर

वाचून फार बरं वाटलं. उन्हाळ्याचं असं आहे की दाणा बाहेर काढला तरी आतल्या उष्णतेनं भाजतच राहतो. चार-पाच मिनिटांत हाताला सोसेल इतका गार व्हायला हवा. दुकानात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतील तर तुमच्या ताटाखालून खेचली जाणारी हवाच गरम, म्हणून थोडं आधी काढायचं. किती आधी ते घड्याळावर ठरवू नका, वजनावर ठरवा. पक्की ८.२० च्या खाली जायला लागली की समजायचं, आधी काढायला हवं. शक्य तर मे महिन्यात पहाटे भाजा. माझा अंदाज, आप्पा तेच करत असतील.

भाजणीवाली

आत्ताच विचारलं. उन्हाळ्यात चार वाजता उठायचे म्हणे. आई म्हणते, “मग मी सांगत होते काय? गल्लीत पाणी यायच्या आधी ह्यांचा वास यायचा.”

निवृत्त गार्ड

सोमवारी येतो. पाव किलो, फिल्टरची, दूध म्हशीचं. आप्पा ओट्यावर बसणार असतील तर सकाळी दहापर्यंत येईन.